दोन सेंटिमीटरचा घाट

बैलगाडीचं एक जुनं लाकडी चाक घेऊ, पाच फूट व्यासाचं. गाडी उभी आहे आणि चाक एका दगडाला टेकलंय. दगडाची उंची दहा सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ अर्धी वीत. बैलांनी किती जोर लावला की चाक दगडावर चढेल? गणित अकरावीच्या भौतिकशास्त्रातलं आहे. उत्तर येतं, चाकावर जेवढा भार असेल त्याच्या सुमारे ५७ टक्के. आता दवाखान्यात असते तशी व्हीलचेअर घ्या. तिचं पुढचं चाक जेमतेम वीस सेंटिमीटर व्यासाचं. त्याच्यापुढे दगडबिगड काही नाही, फक्त एक फरशी शेजारच्या फरशीपेक्षा दोन सेंटिमीटर वर आलेली. इथे लागणारा जोर भाराच्या ७५ टक्के!

आकडा पुन्हा तपासून पाहावासा वाटतो, पण तो बरोबर आहे. दोन सेंटिमीटरची कड या चाकाला जेवढी जड जाते, तेवढा दहा सेंटिमीटरचा दगडही बैलगाडीला जात नाही. कारण असं की अडथळ्यावर चढताना चाक त्या अडथळ्याच्या कोपऱ्याभोवती फिरतं. चाकाचा मध्य त्या कोपऱ्यापेक्षा जितका उंच, तितकी ओढणाऱ्याच्या जोराला तरफ मिळते. मोठ्या चाकाचा मध्य उंचावर असतो आणि छोट्याचा जमिनीलगत. काही खुर्च्यांची पुढची चाकं तर पंधरा सेंटिमीटर व्यासाचीच असतात. तिथे त्याच दोन सेंटिमीटरच्या कडेला ९३ टक्के जोर लागतो. आणि कड चाकाच्या त्रिज्येइतकी झाली की गणितात भागाकाराच्या खाली शून्य येतं. मग मागून कितीही ढकला, चाक चढत नाही. सराईत माणूस म्हणूनच खुर्ची किंचित मागे झुकवून पुढची चाकं उचलतो आणि कड ओलांडतो. पण त्याला दंडात ताकद हवी, तोल हवा, सराव हवा. नुकताच कमरेखाली लुळा पडलेला माणूस किंवा पंचाहत्तरीची आजी हे कसं करणार?

ही दोन सेंटिमीटर धाराशिव जिल्ह्यातल्या भूमसारख्या तालुक्याच्या गावात शोधावी लागत नाहीत. सिमेंटचा रस्ता संपून डांबरी सुरू होतो त्या सांध्यावर ती असतात. नालीवर टाकलेल्या फरशीच्या कडेला असतात, दुकानाच्या उंबऱ्याला असतात. नळजोडणीसाठी रस्ता खोदून घाईत बुजवला की तिथे तर हमखास. चालणाऱ्याचा पाय ती न सांगता उचलून घेतो, म्हणून आपल्याला ती दिसत नाहीत. पायांनी चालणाऱ्याच्या आणि चाकांवर चालणाऱ्याच्या डोक्यात एकाच गावाचे दोन वेगळे नकाशे असतात, याचं मला अजून नवल वाटतं.

मग ही कड घालवायला किती माल लागेल? चाकाच्या सोयीच्या उताराचं जगभर मान्य असलेलं माप आहे एकास बारा. एक इंच चढायचं तर बारा इंच लांबी. दोन सेंटिमीटरला चोवीस सेंटिमीटर. एक मीटर रुंदीचा असा उतार घालायचा तर हिशेबाने सुमारे अडीच लिटर माल बसतो, म्हणजे घमेलं अर्धंसुद्धा भरत नाही. अर्थात कोणताही गवंडी लगेच सांगेल की पातळ होत गेलेली कड टिकत नाही, चार दिवसांत तिचे पापुद्रे निघतात. म्हणून खालच्या टोकाला खाच मारून तिथे मालाला जाडी द्यावी लागते. एवढी युक्ती आणि अर्धं घमेलं. बाकी सगळा प्रश्न तिथे हे करायला हवं असं कुणाला तरी सुचण्याचा.

एकास बाराच का? माणूस आणि खुर्ची मिळून ९० किलो धरू. एकास बाराच्या चढावर खुर्ची मागे घसरू नये म्हणून सतत साडेसात किलोचा जोर लावावा लागतो. चढ एकास सहा केला की तो पंधरा होतो. एकास तीन, म्हणजे आपल्याकडे मोटारसायकल घरात घेण्यासाठी दारात घालतात तसला उतार केला, तर अठ्ठावीस. शिवाय त्या चढावर खुर्ची मागे उलटण्याची भीती असते ती वेगळीच. पुष्कळ कार्यालयांच्या दारात ‘रॅम्प’ म्हणून जे बांधलेलं असतं ते या शेवटच्या जातीचं. पाहणी करणाऱ्याच्या तक्त्यात रॅम्प आहे या रकान्यात टिक होते, पण त्यावरून कुणी चढत नाही. पावसाळ्यात मात्र लोक घसरतात.

गंमत म्हणजे उतार सौम्य केला म्हणून एकूण श्रम कमी होत नाहीत. उंची तेवढीच, वजन तेवढंच, म्हणून कामही तेवढंच. ते फक्त लांबीवर पसरतं आणि हाताला झेपेल अशा हप्त्यांत वाटलं जातं. बालाघाटच्या रांगेत राहणाऱ्यांना हे तत्त्व नवं नाही, कारण घाटरस्ता दुसरं काय करतो? कुर्डुवाडीहून लातूरला जाणारी रेल्वे येडशीजवळ डोंगर चढते तीही याच हिशेबाने. भूम तालुक्यातलं कुंथलगिरी हे कुलभूषण आणि देशभूषण मुनींच्या निर्वाणाचं जैन सिद्धक्षेत्र. तिथली टेकडी लोक पिढ्यान् पिढ्या पायऱ्यांनी चढत आले आहेत. समजा पन्नास मीटर उंचीची टेकडी चाकांवर चढायची आहे. एकास बाराने सहाशे मीटरचा उतार लागेल. उताराची नऊ मीटर लांबी चढून झाली की हात मोकळे करायला दीड मीटर सपाट जागा द्यावी, असा दंडक आहे. म्हणजे आणखी सहासष्ट थांबे, सुमारे शंभर मीटर. एकूण सातशे मीटर. आकडा मोठा वाटतो, पण डोंगराला दोन-तीन वळसे दिले की तेवढी लांबी सहज निघते.

उतार बांधायला लागणारं ज्ञान गावात नाही, असं मुळीच नाही. गवंड्याच्या भाषेत त्याला ढाळ म्हणतात. न्हाणीघराची फरशी, गच्चीचा स्लॅब, अंगण, सगळ्याला तो ढाळ देतो. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकं दोन भिंतींना लावतो आणि केसभराच्या फरकाने पातळी सांगतो. फक्त आजवर हा ढाळ पाण्यासाठी दिला गेला, चाकासाठी नाही. आणि इथे एक चमत्कारिक भांडण आहे, कारण पाण्याचा ढाळ चाकाच्या मुळावर येतो. फुटपाथ रस्त्याच्या बाजूला कलता ठेवला की पाणी नालीत जातं, पण व्हीलचेअरही नालीकडे वळू लागते. तिची पुढची चाकं स्वैर फिरणारी असतात आणि बसलेल्या माणसाचं वजन मागच्या मोठ्या चाकांच्या आसाच्या थोडं पुढे पडतं. त्यामुळे आडव्या उतारावर खुर्चीचं तोंड आपोआप खाली वळतं. मग एका हाताने ढकलायचं आणि दुसऱ्याने आवरायचं. पाचशे मीटर असं जाऊन पाहिल्याशिवाय एका खांद्याचं दुखणं म्हणजे काय ते कळायचं नाही. यावर ठरलेली तडजोड आहे एकास पन्नास, मीटरला दोन सेंटिमीटर. पाणी वाहून जातं आणि खुर्चीही सरळ राहते. नालीवरच्या जाळीचंही तसंच. फटी बारा मिलिमीटरहून मोठ्या नकोत आणि त्या चालण्याच्या दिशेला आडव्या हव्यात, नाहीतर पुढचं चाक आणि आंधळ्या माणसाच्या काठीचं टोक दोन्ही तिथे अडकतं.

आंधळ्या माणसाची गोष्ट निघाली की प्रकरण अधिकच रंगतदार होतं, कारण त्याला नेमकी तीच कड हवी असते जी व्हीलचेअरवाल्याला नको असते. फुटपाथ कुठे संपतो आणि गाड्यांचा रस्ता कुठे सुरू होतो हे पांढरी काठी त्या कडेवरूनच ओळखते. कड पुरती सपाट केली तर चाक सुखाने उतरेल, पण न पाहणारा माणूस नकळत ट्रकपुढे जाईल. एकाची सोय दुसऱ्याच्या जिवावर उठते! जपानने यावर वाद घालून घालून जो आकडा काढला तो पाहून मी थक्क झालो. फुटपाथ आणि रस्त्याच्या सांध्यावर तिथे मुद्दाम दोन सेंटिमीटरची कड ठेवतात, काठीला लागेल इतकी आणि चाकाला कष्टाने का होईना पण ओलांडता येईल इतकी. इंग्लंडने दुसरा मार्ग धरला. कड जवळजवळ नाहीशी करायची आणि तिच्या जागी पायाला जाणवणाऱ्या बुटक्या गोल उंचवट्यांची फरशी बसवायची.

ती फरशीही मूळची जपानचीच. सेइइची मियाके यांनी १९६५ मध्ये दृष्टी गमावत चाललेल्या आपल्या मित्रासाठी ती तयार केली. १८ मार्च १९६७ ला ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर ती पहिल्यांदा बसली. तिची भाषा दोनच अक्षरांची आहे: लांब रेघा म्हणजे चालत राहा, गोल ठिपके म्हणजे थांब. उंचवटा फक्त पाच मिलिमीटरचा, पण चपलेच्या तळव्यातूनही पाय तो वाचतो. पिवळा रंग शोभेचा नाही. अंधुक दिसणाऱ्या माणसाला करड्या जमिनीवर पिवळा पट्टा सर्वांत लवकर सापडतो. आज आपल्याकडे रेल्वे स्थानकांच्या फलाटांवर आणि शहरांतल्या फुटपाथांवर ही पिवळी फरशी दिसते. पुष्कळदा ती रेघारेघांनी इमानाने चालत जाते आणि विजेच्या डीपीवर किंवा झाडाच्या बुंध्यावर आदळते. ठेकेदाराला फरशी बसवायला सांगितलेली असते, पण ती कुणी वाचणार आहे हे सांगितलेलं नसतं.

आणि काठी व फरशी नसली तरी कान असतातच. बोळाचं तोंड आलं की पावलांचा आवाज बदलतो, कारण शेजारच्या भिंतीवरून येणारा प्रतिध्वनी अचानक नाहीसा होतो. अंध माणसं अशा प्रतिध्वनीवरून भिंत जवळ आल्याचं ओळखतात, हे अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात झालेल्या प्रयोगांतून १९४४ मध्ये सिद्ध झालं. तोपर्यंत लोक त्याला चेहऱ्याच्या त्वचेची जाणीव समजत होते. म्हणजे रस्त्याच्या सुगमतेत आवाजही मोजायला हवा. दोन डीजे आणि दहा हॉर्न यांच्या मधे सापडलेल्या अंध माणसाचा रस्ता त्या क्षणी पुसला गेलेला असतो.

आता गाडी लावण्याच्या जागेकडे. मोटारीसाठी दिव्यांगांची राखीव जागा ३.६ मीटर रुंद असावी असं आपले नियम सांगतात. मोटारीची जागा २.४ आणि बाजूला पिवळे तिरपे पट्टे मारलेली १.२ मीटरची मोकळी पट्टी. ती पट्टी रिकामी दिसते म्हणून तिथे हटकून कुणीतरी स्कूटर लावतं. पण दार पुरतं उघडायला, खुर्ची शेजारी आणायला आणि अंग एका आसनावरून दुसऱ्यावर सरकवायला तीच जागा लागते. भूममध्ये मोटारीपेक्षा दुसरी दोन वाहनं महत्त्वाची: हाताने फिरवायची तीनचाकी सायकल आणि मागे दोन जादा चाकं बसवलेली स्कूटर. मोटार वाहन कायद्यात अशा स्कूटरसाठी पूर्वी जो शब्द होता त्याचा अर्थ ‘पंगूंची गाडी’ असाच होत होता. २०१९ च्या दुरुस्तीने तो बदलला. तीनचाकीची चाकं सायकलीएवढी मोठी, त्यामुळे दोन सेंटिमीटरची कड तिला फार छळत नाही. तिला छळते ती रुंदी.

मुंबईत याचं प्रात्यक्षिक झालं. फुटपाथवर दुचाकी चढू नयेत म्हणून तोंडाशी बोलार्ड, म्हणजे बुटके खांब रोवले गेले, तेही इतके जवळजवळ की व्हीलचेअर आत शिरेना. व्हीलचेअर वापरणाऱ्या एका नागरिकाच्या ई-मेलवरून मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्वतःहून याचिका दाखल करून घेतली आणि महापालिकेला खांबांचा जाब द्यावा लागला. यातली भूमिती मात्र न्यायालयालाही सुटणारी नाही. मोटारसायकल व्हीलचेअरएवढीच रुंद असते आणि तीनचाकीपेक्षा अरुंद. खुर्चीला आत घेईल आणि मोटारसायकलला अडवेल असा खांब जगात कुणी बनवू शकत नाही. ते काम दंडाच्या पावतीचं आहे.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. १९९५ च्या कायद्यातले दिव्यांगत्वाचे सात प्रकार त्याने एकवीस केले आणि रस्ते, वाहतूक, वाहनतळ यांना स्पष्टपणे कक्षेत घेतलं. पण त्याखालचे नियम १५ जून २०१७ ला आले ते ‘असं करावं’ या सुरात. ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नेमकं हेच पकडलं. कायदा सक्ती करतो आणि नियम शिफारस करतात, हे चालणार नाही. तीन महिन्यांत किमान बंधनकारक निकष ठरवा, असं केंद्राला बजावलं. पुढे १४ मे २०२५ ला याच न्यायालयाने दिव्यांगांना वापरता येतील असे फुटपाथ हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं सांगितलं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांगांची नोंद झाली होती. महाराष्ट्राने २०२२ मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग काढला. नगरपरिषदांनी उत्पन्नाचा ५ टक्के हिस्सा दिव्यांगांसाठी राखायचा असतो. माझं मत विचाराल तर रस्त्यावरचा उतार या पाच टक्क्यांतून घालूच नये. ते पैसे माणसांच्या उपजीविकेसाठी आहेत. उतार हा रस्त्याचा भाग आहे, म्हणून तो रस्त्याच्या अंदाजपत्रकात हवा. डांबराचा खर्च आपण डोळसांच्या निधीतून कुठे करतो?

एसटीचं उदाहरण या संदर्भात बोलकं आहे. दिव्यांगांना तिकिटात ७५ टक्के सवलत आहे आणि ती मोलाची आहे. पण गाडीची पहिली पायरी सवलतीत खाली येत नाही. प्रमाणपत्रासाठी धाराशिवला जाणाऱ्या माणसाला भूमच्या स्थानकात चार हात उचलून आत ठेवतात. त्या हातांत माया असते यात शंका नाही. पण कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी ‘चाकाची खुर्ची’ या आत्मकथनात जे आयुष्य मांडलं आणि १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली, त्यामागे आग्रह हाच होता की उचलून नेण्याची वेळच येऊ नये.

हे काम मोठ्या शहरांनाच जमतं असं नाही. पहिले उतारही काही न्यूयॉर्कमध्ये बांधले गेले नव्हते. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेले जॅक फिशर नावाचे वकील अमेरिकेतल्या कलामझूचे. १९४५ मध्ये त्यांनी तिथल्या नगरपालिकेला चौकांतल्या फुटपाथांच्या कडा उतरत्या करायला लावल्या. कलामझू काय किंवा ओकायामा काय, देशाच्या राजधानीची गावं नव्हेत. आणि उतार एकदा झाला की त्यावरून कोण कोण जातं याला धरबंध राहत नाही. भूम, वाशी, परंड्याचा खवा दूरवर जातो. त्यासाठीचे दुधाचे कॅन ढकलणारा, गॅसची टाकी गडगडवत नेणारा, भाजीचा हातगाडा लोटणारा, गुडघे दुखणारा, सगळेच.

शेवटी एक गणित भूमच्या पेठेसाठी मांडून पाहू. समजा एकमेकांना लागून दहा दुकानं आहेत, प्रत्येक दहा फुटी. समोर नाली आहे. ओटे कुणाचे दहा सेंटिमीटर, कुणाचे पंधरा, कुणाचे बावीस. प्रत्येकाने आपापला उतार घालायचा ठरवलं तर पंधरा सेंटिमीटरच्या ओट्यालाच एक मीटर ऐंशी सेंटिमीटर लागतात. दहा उतार नाली ओलांडून रस्त्यात घुसतील आणि पोलीस येऊन ते तोडतील. त्याऐवजी नाली झाकणारा स्लॅबच ओट्यांच्या पातळीला उचलला तर? उतार फक्त ओळीच्या दोन टोकांना लागतील. ओट्यांच्या उंचीतला फरक बारा सेंटिमीटरचा आहे, पण ओळ तीस मीटरची. ओटे क्रमाने चढते असतील तर तो फरक तीस मीटरवर पसरला की चढ होतो एकास अडीचशे, जो ना पायाला कळतो ना चाकाला. क्रम बिघडलेला असेल तर एखादा ओटा थोडा छाटावा लागेल, एखादा वाढवावा लागेल. नाली उपसायला दर दोन-तीन मीटरवर उचलता येणारं झाकण हवं आणि त्याची कडी खाचेत बसलेली हवी. स्लॅबचा आडवा ढाळ रस्त्याकडे एकास पन्नासच ठेवायचा, नाहीतर पावसाचं पाणी दुकानात जाईल आणि दुकानदार पहिल्याच पावसात सगळं उखडून टाकतील. पण माल कालवण्याआधी दहाही ओटे पाण्याच्या नळीने मोजून कागदावर उतरवायचे. त्याला एक बादली पाणी, नळीची दोन टोकं धरायला दोन माणसं आणि दुकानं उघडण्याच्या आधीची सकाळ एवढं पुरतं.